साखळी किती फुटांची आणि किती तासांची, हे कायद्यात लिहा

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावात खासगी पशुवैद्यक व्यवसाय करते. माझ्याकडे गाई-म्हशी जास्त येतात, त्याखालोखाल शेळ्या आणि कुत्री. हे पत्र कुत्र्यांबद्दल आहे, पण रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल नाही. त्यांच्याविषयी सध्या न्यायालयापासून चावडीपर्यंत सगळीकडे बोलले जाते. ज्यांना मालक आहे, नाव आहे, आणि जी जन्मभर अंगणातल्या खांबाला, फार्महाउसच्या फाटकाला, पोल्ट्रीच्या शेडला नाहीतर बांधकामाच्या साइटवरच्या सळईला बांधलेली असतात, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका शाळकरी मुलीचा फोन आला. शाळेच्या वाटेवर एका गोदामाबाहेर कुत्रा बांधलेला असतो आणि त्याच्या मानेला फार वास येतो, असे ती म्हणाली. जाऊन पाहिले. पिल्लू असताना घातलेला नायलॉनचा पट्टा कोणी कधी सैल केलाच नव्हता. कुत्रा वाढला, पट्टा तेवढाच राहिला, आणि मानेच्या कातडीत पुरता रुतून बसला. जखमेत अळ्या पडल्या होत्या. साखळी गुरांची, जाड कड्यांची, एवढी आखूड की मान टेकून झोपायचे तर एकाच कुशीवर झोपता येईल. मालकाला पट्टा कापून जखम धुऊ द्या म्हटले तर त्यांनी नकार दिला. राखणीचा कुत्रा आहे, एकदा सुटला तर पुन्हा हाताला लागत नाही, हे त्यांचे म्हणणे.

मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार घेऊन गेले. तिथल्या हवालदारांनी ती शांतपणे वाचली आणि सांगितले, “मॅडम, हा गुन्हा अदखलपात्र आहे. एनसी नोंदवून देतो. पुढे तपास हवा असेल तर कोर्टाचा आदेश आणा.” ते कायद्याला धरूनच बोलत होते. म्हणून माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. शेवटी मालकांच्या वडिलांना भेटून, पुन्हापुन्हा विनवून पट्टा कापायची परवानगी मिळवली. जखम भरली. कुत्रा आजही तिथेच आहे, त्याच साखळीला, फक्त आता मानेऐवजी छातीला हार्नेस आहे. कायद्याच्या आधाराने मला यापलीकडे काही करता आले नाही, आणि ते मी निमूटपणे मान्य करणार नाही.

कुत्रा हा कळपाने राहणारा प्राणी आहे. हुंगणे, फिरणे, माणसांच्या मागेपुढे करणे हेच त्याचे जगणे. दिवसरात्र एका जागी बांधला की तो आधी भुंकतो, मग त्याच अर्धवर्तुळात येरझारा घालतो, जमीन उकरतो, स्वतःची शेपटी आणि पाय चावतो. काही महिन्यांनी गप्प होतो. हे गप्प होणे पाहून पुष्कळ मालक मला समाधानाने सांगतात की आता तो शांत झाला. तो शांत झालेला नसतो. त्याने सगळ्यातून मन काढून घेतलेले असते. हाक मारली तरी कान टवकारत नाही असा तरणा कुत्रा मी तपासते तेव्हा त्याच्या रक्तात काही सापडत नाही. सापडते ते त्याच्या खुंट्याभोवती.

शरीराचे हाल तर उघड दिसतात. जिथे खायचे तिथेच हागायचे-मुतायचे, म्हणून पोटात जंत आणि अंगावर गोचीड. गोचिडांतून ताप येतो आणि रक्त कमी होते. साखळी झाडाला किंवा खांबाला गुंडाळली गेली की पाण्याचे भांडे हातभर अंतरावर असूनही तोंडाला लागत नाही. उन्हाळ्यात हे जिवावर बेतते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गादीतून थोडा येतो तेवढाच. बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो, आणि हवाच तापलेली असेल तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि आतडी निकामी व्हायला लागतात. मोकळा कुत्रा उन्हाने कासावीस झाला तर मोरीत जाऊन बसेल, ओली माती उकरून तिच्यात पोट टेकेल. बांधलेल्याला सावली सरकली म्हणून सरकता येत नाही. सकाळी नऊ वाजता सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी एक वाजता उन्हात असतो, आणि घरचे सगळे शेतावर किंवा कामावर गेलेले असतात. विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्याचे काय होत असेल, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही.

आता कायद्याकडे येते. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा विषय लावून धरला आणि त्यातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आला. त्या काळाच्या मानाने तो फार पुढचा कायदा होता, असे मला मनापासून वाटते. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने किंवा दोरीने, अवाजवी काळ जनावर बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही तर तोही गुन्हा आहे, आणि तिथे कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हाही गुन्हा आहे. म्हणजे साठीच्या दशकाच्या तोंडावर आपल्या संसदेला साखळीला बांधलेला कुत्रा दिसला होता. त्यापुढचे काम मात्र कोणी केले नाही.

माझी पहिली तक्रार या ‘अवाजवी’ची आहे. किती फूट म्हणजे आखूड? किती किलो म्हणजे जड? किती तास म्हणजे फार? कायद्यात एकही आकडा नाही. त्यामुळे गोदामाचा मालक म्हणतो दहा वर्षे असाच बांधतोय, मी म्हणते हे क्रौर्य आहे, आणि हवालदाराने दोघांपैकी कोणाचे ऐकायचे? त्याच्या हातात मोजपट्टी असती तर दोन मिनिटांचे काम होते.

दुसरी तक्रार दंडाची. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ५० रुपयांत आज कुत्र्याची साखळीसुद्धा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात, बैलांच्या शर्यती आणि जल्लिकट्टूच्या प्रकरणात, या शिक्षा पुरेशा कडक करण्यासाठी संसदेने दुरुस्ती करावी अशी अपेक्षा लिहून ठेवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीरही केला. आमच्यासारख्या अनेकांनी त्या आशेवर दिवस काढले.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात गंभीर वाटते, ती दखलपात्रतेची. या अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे कलम ११ मधले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत. बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे, निवारा न देणे हे त्यांत नाही. म्हणजे पोलिसांच्या डोळ्यांदेखत कुत्र्याच्या मानेत साखळी रुतलेली असली तरी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. वर कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हायला हवा. तालुक्याच्या गावातल्या सामान्य माणसाने आपला रोजगार बुडवून न्यायालयात अर्ज करायचा, तारखा घ्यायच्या, आणि हे सगळे ज्यासाठी तो दंड ५० रुपये. असे करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तोवर कुत्रे तिथेच बांधलेले असते.

हा केंद्राचा कायदा आहे, आम्ही काय करणार, असे उत्तर मला याआधी मिळाले आहे. म्हणून थोडे बैलगाडा शर्यतींबद्दल बोलते. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. याच अधिकारात महाराष्ट्राने २०१७ मध्ये याच १९६० च्या अधिनियमात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. शर्यती असाव्यात की नसाव्यात हा वाद मी इथे काढत नाही. मला दिसते ते एवढेच की, आपल्या विधिमंडळाने मनावर घेतले तेव्हा बारीकसारीक नियम झाले. धाव १००० मीटरपेक्षा लांब नको, आधी पशुवैद्याने बैल तपासलेला हवा. आणि शर्यतीत बैलाला वेदना देणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. एकाच राज्यात, एकाच अधिनियमाखाली, काही मिनिटांच्या शर्यतीतल्या क्रौर्याला ५ लाख आणि दहा वर्षांच्या साखळीला ५० रुपये. सन्माननीय सदस्यहो, ही तफावत तुमच्याच सभागृहाला दूर करता येईल.

हा प्रश्न एकट्या कुत्र्याचा नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या एकूण भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. मोकळा कुत्रा निदान पळतो, घरात शिरतो, पडवीत दडतो. साखळीला बांधलेला कुत्रा कुठे जाणार? सकाळी मालकाला रक्ताचा माग आणि तुटकी साखळी सापडते. पण त्याहून वाईट म्हणजे रात्री घराच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर बिबट्याला सहज शिकार मिळाली, की तो त्याच उंबऱ्याकडे पुन्हा येतो. त्याच अंगणात पहाटे म्हातारी माणसे बाहेर पडतात, मुले खेळतात. खिळ्यांचा पट्टा घातला म्हणजे काम झाले असे समजणारे पुष्कळ आहेत. त्याने कुत्र्याचा गळा कदाचित वाचेल, बिबट्याचे येणे त्याने थांबत नाही. या तालुक्यांत रात्री कुत्रा उघड्यावर बांधणे हा माणसांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, आणि वन विभागाने तो तसा मांडायला हवा.

चावण्याचेही तसेच. ‘बांधला नाही तर चावेल’ हे वाक्य मी रोज ऐकते. डेन्व्हर शहरातल्या कुत्रा चावण्याच्या घटनांचा अभ्यास १९९४ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. चावलेली आणि न चावलेली कुत्री यांची तुलना केली तेव्हा चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये अंगणात साखळीने बांधून ठेवलेली असण्याची शक्यता २.८ पट निघाली. चावरा असतो म्हणून बांधतात आणि बांधतात म्हणून चावरा होतो, दोन्ही खरे असू शकते. पण कारण सरळ आहे. भीती वाटली की प्राणी पळतो. पळायची वाट बंद केली की दात दाखवतो. आणि साखळीच्या टप्प्यात शिरणारे बहुतेक वेळा लहान मूलच असते, चेंडू आणायला गेलेले.

यातले काहीच अशक्य नाही, हे दुसरीकडे झालेले आहे. ऑस्ट्रियात २००५ पासून कुत्रा साखळीने बांधून पाळायला बंदी आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून बांधून पाळणे बंद झाले, फक्त कामाच्या कुत्र्यांना काम चालू असताना आणि माणूस सोबत असताना सूट. स्वित्झर्लंडने मधला मार्ग काढला. बांधलेल्या कुत्र्याला दिवसातले किमान पाच तास मोकळे फिरता आले पाहिजे, आणि उरलेल्या वेळेत तारेवर सरकणाऱ्या साखळीने किमान २० चौरस मीटर जागा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २४ तासांत तीन तासांहून जास्त काळ कुत्रा एका जागी बांधता येत नाही. टेक्सासचा नियम मला आपल्यासाठी सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तेही शेतीभातीचे, कडक उन्हाचे राज्य आहे आणि तिथेही या कायद्याला विरोध झाला, पहिल्यांदा राज्यपालांनी तो परतही पाठवला. शेवटी जानेवारी २०२२ पासून तिथे उघड्यावर साखळी आणि वजन बांधायला बंदी आली. बांधायचेच तर बंधन किमान दहा फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. सावली, निवारा आणि पिण्याचे पाणी सक्तीचे. आधीच्या कायद्यात मालकाला २४ तासांची पूर्वसूचना देण्याची अट होती, तीही काढून टाकली, कारण त्या २४ तासांत अधिकाऱ्याला काहीच करता येत नव्हते.

आपल्या राज्यात मी सरसकट बंदी मागत नाही. वस्तीवर एकटे घर असलेल्या शेतकऱ्याला राखणीला कुत्रा लागतो, हे मी त्यांच्या ओट्यावर बसून पाहिलेले आहे. पाहुणे आले, लसीकरणाची गाडी आली, अंगणात धान्य वाळत घातले, की कुत्रा घटकाभर बांधावाच लागतो. रस्त्याला लागून घर असेल तर मोकळा सोडणे म्हणजे गाडीखाली देणे. माझा आक्षेप त्या घटकाभराच्या बांधण्याला नाही. आयुष्यभराच्या बांधण्याला आहे. आणि हेही सांगते की माझ्या अनुभवात गरीब घरातला कुत्रा पुष्कळदा मोकळा असतो, घरच्यांबरोबर रानात जातो. सर्वांत हाल मी पाहिले ते फार्महाउसवरच्या महागड्या जातींचे. मालक शनिवार-रविवारी येतो, उरलेले पाच दिवस रखवालदार लांबून भाकरी टाकतो, कारण त्यालाही त्या कुत्र्याची भीती वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

राज्याने समवर्ती सूचीतला आपला अधिकार वापरून अधिनियमात दुरुस्ती करावी आणि तिच्यात आकडे लिहावेत. बंधन किमान दहा फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट. त्याचे वजन कुत्र्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. एका जागी बांधायचे ते दिवसातून तीन तासांपर्यंत. त्याहून जास्त वेळ आवरून ठेवणे भागच असेल तर तारेवर सरकणारी साखळी किंवा कुंपण घातलेली जागा, आणि रोज काही तास मोकळे फिरणे. गळ्याला फास बसेल असा पट्टा, तार, काटेरी साखळी वापरायला पूर्ण बंदी. सहा महिन्यांखालील पिल्लू, आजारी कुत्रा आणि व्यायला आलेली कुत्री बांधायची नाही. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलेल्या दिवशी उन्हात आणि पत्र्याखाली बांधायचे नाही. बिबट्याचा वावर असलेल्या तालुक्यांत सूर्यास्तानंतर कुत्रा छप्पर आणि जाळी असलेल्या बंद जागेत, आणि अशी जागा बांधायला लहान शेतकऱ्याला सरकारी अनुदान. हे शेवटचे मागितल्याशिवाय आधीचे मागणे अन्यायाचे होईल.

बांधून ठेवण्याचा, उपाशी ठेवण्याचा आणि निवारा न देण्याचा गुन्हा दखलपात्र करा. जिथे जखम नाही, जीव धोक्यात नाही, तिथे आधी लेखी समज आणि सुधारायला सात दिवस द्या. पुष्कळ लोक सांगितले की ऐकतात. जिथे पट्टा रुतला आहे, उष्माघात झाला आहे, तिथे मुदत नको, कुत्रा ताबडतोब ताब्यात घ्या. दंड हजारांत असावा. दोषी मालकाकडून प्राणी काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला कलम २९ ने दिलेला आहेच. तो वापरला जाईल अशी व्यवस्था करा.

२००१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असायला हवी. ती कागदावर नको. तिचा फोन नंबर प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि ताब्यात घेतलेले कुत्रे ठेवायला जागा द्या. आज एखाद्या अधिकाऱ्याने धाडस करून कुत्रा सोडवला तरी तो न्यायचा कुठे, हा प्रश्न उरतो.

आणि एक काम असे आहे ज्याला कायद्यातल्या दुरुस्तीची वाट पाहावी लागू नये. ज्या महापालिका कुत्रा पाळायचा परवाना देतात, त्यांना परवान्यावर रेबीजच्या लसीबरोबर बांधण्याच्या अटी छापायला सांगा. बांधकामाला परवानगी देताना साइटवरच्या कुत्र्यांची जबाबदारी कोणाची, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.

येत्या अधिवेशनात हे विधेयक कोणी मांडणार असेल, सत्ताधारी असो की विरोधी, तर मसुद्यासाठी लागणारी वैद्यकीय माहिती, जखमांची छायाचित्रे आणि मोजमापे द्यायला मी आणि माझे अनेक सहव्यवसायी तयार आहोत. त्यासाठी आम्हाला मानधन नको, बैठकीचे बोलावणे पुरे. पशुसंवर्धन विभागाकडून या पत्राला लेखी उत्तर मिळावे, आणि मागणी मान्य नसेल तर का नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्रामीण पशुवैद्य